ताठ पाठीचा अमृत

आशागडच्या पुढे, ओढ्यालगत अमृतची रोपवाटिका होती. श्रावणातली भुरभुर चालू होती. पुष्पामावशी चिकूची कलमं घ्यायला आली. सोबत तिने लहानाची मोठी केलेली भाची, प्राजक्ता. सगळे गडी उकिडवे बसून कलमं बांधत होते. अमृत एकटाच उंच बाकापाशी उभा... हातात चाकू, ओठांत कलम बांधायची पट्टी.

"खिरणीच्या खुंटावर चिकू?" प्राजक्ताने विचारलं. "खिरणीला परकं नाही वाटत?"

"वाटलं तरी बोलत नाही बिचारी." त्याने नजर वर केली. मग मात्र ती बराच वेळ खाली गेली नाही.

त्या दोघी निघाल्या तेव्हा त्याने मावशीला उभ्यानेच हात जोडले. रिक्षात मावशी धुमसत होती. "याची आई माझी मैत्रीण. वाकायला काय झालं मेल्याला? भारीच ताठा."

प्राजक्ताने वेगळंच पाहिलं होतं. पावती लिहून स्टुलावरून उठताना त्याने खांब धरला होता. पहिली काही पावलं म्हाताऱ्यासारखी... आणि मग चाल सुटी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.

"कलम मेलं का?" अमृतने विचारलं.

"नाही. तुमची कंबर सकाळी जास्त धरते ना? चाललं की बरं वाटतं?"

चाकू थांबला. "तुम्ही डॉक्टर?"

"उंदरांची. मुंबईत प्रयोगशाळेत टी पेशींवर काम करते, रक्तातल्या पहारेकऱ्यांवर."

गावात अशा कमरेला उसण म्हणत आणि विटेचा शेक देत. अमृतची आईही वर्षानुवर्षं तोच देत आली होती.

प्राजक्ताने त्याचा तळवा उलटा केला, बोटांच्या टोकांवर आपलं बोट ठेवलं. "टी पेशीला अशीच टोकं असतात. रिसेप्टर म्हणतात. त्यांनी चाचपून ती ठरवते — हे आपलं, हे परकं. कधी जंतूचा तुकडा आणि आपल्याच सांध्यातला तुकडा तिला सारखाच लागतो. मग ती आपल्याच सांध्यावर तुटून पडते... असा संशय आहे. अजून नक्की नाही."

"हात सोडा. नाहीतर मी नक्की आजारी पडेन."

ती लाजली. हात मात्र सोडला नाही.

प्राजक्ताने गाठून दिलेल्या मुंबईच्या सांधेतज्ज्ञांनी रक्त तपासलं, एमआरआय काढला. मणक्याच्या सांध्यांचाच आजार निघाला. आयुष्यभराचा, पण औषधाने आणि व्यायामाने आवरणारा. इंजेक्शनं सुरू झाली, कंबर मोकळी होऊ लागली. प्राजक्ता दर सुट्टीला येत राहिली. अमृत मात्र मनाने आक्रसत गेला. दिवाळीनंतर एके सकाळी तो म्हणाला, "आता येऊ नकोस, प्राजू."

"का?"

"उद्या पाठीचं लाकूड झालं तर? मला तुझ्यावर ओझं व्हायचं नाही. मावशीला काय सांगशील?"

"मावशीला केव्हाच सांगितलंय. रडली. म्हणाली, दुखणाऱ्या पोराला मी ताठा म्हटलं गं." प्राजक्ताने ओढणी सावरली. "आणि ऐक. त्या पेशींच्या मागे मी जन्मभर लागणारच आहे. त्या तुझ्यात बसल्यात, त्याला मी काय करू? तुझ्याही मागे लागावं लागणार."

तो हसला. खूप दिवसांनी, पोटातून. त्याने चाकू मिटला.

"मागे नको," तो म्हणाला. "बरोबर चल."

"कुठे?"

"मावशीकडे. तुला मागायला."

रस्त्यावर रिक्षा थांबली. त्याने ती हातानेच पुढे पाठवली. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, हातात हात घालून दोघं चालत निघाली.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. अमृतने तोंड उघडण्याआधीच तिने सूप खाली ठेवलं.

"उशीर केलास रे," ती म्हणाली. "साखर कधीची काढून ठेवलीय मी."