दहा सेकंद

धाकटी आईचा जुना कॅमेरा घेऊन फोटोवाल्या काकांच्या दुकानात गेली. साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा. रोखायचा आणि बटण दाबायचं, दुसरी कटकट नाही. आईचा त्याच्यावर भारी जीव. म्हणायची, "फोटो कसा आला ते लगेच कळत नाही, त्यातच तर गंमत आहे."

आईला जाऊन चार महिने झाले होते आणि भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात नव्हता. सगळ्यांचे फोटो तीच काढायची. आपणही त्यात यावं म्हणून कॅमेरा टेबलावर ठेवून बटण दाबायची आणि धावत सुटायची. लाल दिवा दहा सेकंद लुकलुकायचा. आई कधीच वेळेत पोचली नाही. कडेला तिचा पुसट हात तेवढा यायचा.

काकांनी कॅमेरा निरखून पाहिला. "अजून सहा फोटो शिल्लक आहेत. संपवून आणा, मग धुतो. आईंचा एखादा तरी निघेल, बघा."

रविवारी दुपारी दोघी बहिणी सोफ्यावर बसल्या. सवयीनं मध्ये आईपुरती जागा सुटली.

"माझे गुडघे धरलेत. मी काही उठायची नाही. पळापळ तू कर," थोरली म्हणाली.

"ताई, तुला नुसतं बसायचं निमित्तच हवं असतं!"

सहाही वेळा धाकटीच उठली, धाकटीच पळाली. सहावा फोटो निघाला आणि कॅमेरा घुर्र करत रीळ गुंडाळू लागला. तो थांबल्यावर खोली नको इतकी शांत वाटली.

गुरुवारी काकांनी पाकीट काउंटरवरून पुढे सरकवलं. "घरी जाऊन बघा," एवढंच म्हणाले. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

दोघींनी फोटो पलंगावर मांडले. फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास खोलीभर पसरला. आधीच्या तीस फोटोंत आई नव्हतीच. मग ते सहा आले.

पहिल्यात कडेला पुसट हात.

"तुझाच असेल," थोरली म्हणाली.

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत, ताई..."

दुसऱ्यात खांदा. तिसऱ्यात अर्धी पाठ. चौथ्यात सोफ्याशी वाकलेली आई. पाचव्यात ती दोघींच्या मध्ये बसली होती, चेहरा लख्ख. धाकटीला रडू फुटलं. "आली गं... पोचली एकदाची! हाच लावू भिंतीवर."

थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या हातात सहावा फोटो होता.

त्यात धाकटी होती. तिला चिकटून आई होती, धाकटीचं मनगट घट्ट धरून. थोरलीच्या जागी कुणी नव्हतं. आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं, हात पुढे करून, तोंड उघडं टाकून, सोफ्याकडे एक पुसट बाई धावत होती. अंगात थोरलीचाच पिवळा झगा.

"मी उठलेच नव्हते ना गं?" थोरलीनं हळूच विचारलं.

"नाही ताई. एकदाही नाही."

धाकटीनं मान वर केली. थोरली पलंगाच्या कडेला निश्चल बसली होती. पण तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"ताई... तुला धाप लागलीय? कधीपासून?"

थोरलीला नीट बोलता येईना.

"रविवार... पासून..."