डाव्या बुटातलं बटण

रविवारी घरी माणसं यायची होती, म्हणून वहिनी शुक्रवारी सकाळीच बुटांचा जोड पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडे गेल्या. दर वर्षीचं काम होतं. टाच बघायची, शिवण बघायची, पॉलिश करून घ्यायचं.

वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. आणि साहेब म्हणजे कोण, हे विचारणाऱ्याकडे त्या गावात लोक जरा कीव येऊन बघायचे. तरी सांगून टाकलेलं बरं. टीव्हीवर पूर्वी एक पोलिसी मालिका लागायची. ती लागली की रस्ते ओस पडायचे आणि गॅसवरचं दूध उतू जायचं. तिच्यातला इन्स्पेक्टर करड्या कोटात, जाड मिशांत, डावा पाय ओढत यायचा. दार सताड उघडं असलं तरी दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "आत येऊ का, बाई?" एवढ्यावर समोरच्या गुन्हेगाराचं पाणी पाणी व्हायचं. तो इन्स्पेक्टर म्हणजे साहेब. ते काम करणारा नट वारला त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण साहेबांवरची माया काही आटली नव्हती. उलट वाढतच चालली होती.

घरातला माणूस मात्र अगदी निराळा होता. मिशा डिंकाच्या. पाय ठणठणीत. दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर यायचा, आणि दारावर टकटक करणं त्याला जन्मात जमलं नाही. धाडकन आत. पाय कोणता ओढायचा हे विसरायला नको म्हणून तो चित्रीकरणाच्या वेळी डाव्या बुटात शर्टाचं एक बटण टाकायचा. हे गुपित वहिनींशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. बटण अजून तिथेच होतं, आतल्या कातड्याखाली.

बूटवाल्याने बूट उलटा केला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, ही टाच मागच्या वर्षी मीच बसवली. एवढी झिजली कशी? आणि डावीच?"

"जुनं झालंय रे सगळं."

"टाच नवी आहे हो. हे बूट घालतं का कोणी?"

"कोण घालणार?" वहिनी म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघत बसल्या.

शिलाईयंत्रावर त्याची मुलगी बसली होती, लग्न होऊन माहेरी आलेली. "थोरले, वहिनींना पाणी दे," बूटवाला म्हणाला. पोरीने पाणी दिलं. वहिनींनी ते एका दमात संपवलं, कारण टाच कशी झिजली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

गेले काही आठवडे दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजायची. एक पाऊल नीट, दुसरं फरफटत. ठक... खर्रर्र. ठक... खर्रर्र. वर येऊन पावलं खोलीच्या दाराबाहेर थांबायची आणि तिथून पुढे काहीच व्हायचं नाही. दुसरी कोणी असती तर घर सोडून पळाली असती. वहिनींना भीती वाटली नाही. त्यांना आनंद झाला. एवढ्या वर्षांनी हे परत आले, आणखी काय हवं? पण हे आले असते तर पाय कशाला ओढत? तो एक काटा मनात सलत राहिला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी वहिनींनी पॉलिश केलेले बूट खुर्चीखाली ठेवले आणि दिवा लावला. खोलीत डिंकाचा वास आला. मिशा चिकटवायच्या त्या डिंकाचा. मग जिना वाजला. ठक... खर्रर्र. दार उघडंच होतं. त्यावर दोनदा टकटक झाली.

"आत येऊ का, बाई?"

आवाज ह्यांचाच. पण ह्यांनी आयुष्यात वहिनींना कधी बाई म्हटलं नव्हतं.

"अहो... या ना. विचारता काय?"

ते उंबऱ्यातच उभे राहिले. करडा कोट, मिशा, चेहऱ्यावर अंधार.

"या घरात एक गृहस्थ राहत होते," ते अगदी अदबीने म्हणाले. "ते बेपत्ता असल्याची तक्रार आहे."

"तक्रार... कोणी केली?"

"तुम्हीच, बाई. रोज रात्री करता. कुठे गेलात, कुठे गेलात म्हणून."

खरं होतं ते. उशीत तोंड खुपसून त्या रोज तेच विचारायच्या.

"त्यांची काही ओळखीची खूण सांगता येईल?"

आता, ज्या बाईला नवऱ्याबद्दल वर्षानुवर्षं कोणी काही विचारलेलं नाही, तिला हा प्रश्न टाळता येईल का? लोक यायचे ते साहेबांबद्दल बोलायचे. ह्यांच्याबद्दल कोण बोलणार? वहिनींचा बांध फुटला. "शिंक यायच्या आधी हे बोट वर करायचे," त्या हसत म्हणाल्या. "शाळेतल्या मुलासारखे. अख्खं घर थांबायचं. मग शिंक यायची, नाहीतर यायचीच नाही. मग मीच रागवायची, बोट खाली करा म्हणून."

"आभारी आहे, बाई."

पावलं खाली गेली. ठक... खर्रर्र. वहिनी कितीतरी वेळ एकट्याच हसत बसल्या होत्या.

रविवारी दुपारी, दर वर्षीसारखी, साहेबांच्या आठवणीसाठी माणसं जमली. दातांचे डॉक्टर, निवृत्त पोस्टमन, बूटवाला, आणखी दहा-पंधरा जण. सगळी जिवाला जीव देणारी. वहिनींचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर रोज डबा घेऊन यायचे. पोस्टमनने गळका नळ तीनदा दुरुस्त केला होता आणि तीनदा बिघडवलाही होता. त्यांच्यावर रागावणार तरी कसं? मधोमध रिकामी खुर्ची, तिच्याखाली ते बूट, आणि समोर टीव्हीवर जुना भाग. गुन्हेगार बोलायच्या आधी हीच मंडळी त्याचे संवाद म्हणायची.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा साहेब पडद्यावर एका सावकाराची उलटतपासणी घेत होते. हा भाग वहिनींना पाठ होता. आता साहेब खिडकीकडे जातील, पडदा सारतील...

साहेबांनी बोट वर केलं.

खोलीतल्या सगळ्यांनी बोट वर केलं. डॉक्टरांनी, पोस्टमनने, बूटवाल्याने. सगळे श्वास रोखून. मग साहेब सणसणीत शिंकले आणि एकच हशा उसळला.

वहिनी चहाचा ट्रे तसाच धरून पडद्याकडे गेल्या. "हे... हे यात नव्हतं."

"काय, वहिनी?"

"ही शिंक. ही कधीच नव्हती."

सगळे त्यांच्याकडे वळले. कोणाच्याच नजरेत चेष्टा नव्हती, फक्त काळजी होती, आणि तीच वहिनींना सहन होईना. डॉक्टरांनी हळूच ट्रे काढून घेतला. "वहिनी, अहो, साहेबांची शिंक ती! लहानपणी आम्ही शाळेत हीच नक्कल करायचो. तुम्ही बसा बरं जरा."

वहिनी बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि ह्यांना आठवायला घेतलं. जेवणाचं टेबल, ह्यांनी वर केलेलं बोट... ते बोट करड्या बाहीतून वर आलं होतं. नाकाखाली मिशा होत्या. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी साहेब बसले होते. मिशा पुसून टाकायचा त्यांनी मनातल्या मनात किती प्रयत्न केला, पण त्या जाईनात.

जे सांगितलं, ते गेलं. एवढं त्यांना लख्ख कळलं.

आता उरलं होतं काय? गुळगुळीत चेहऱ्याचा एखादा फोटोसुद्धा नव्हता, लोकांनी मिशांचेच काढले होते. ह्यांचा खरा आवाजही मालिकेतल्या आवाजात केव्हाच मिसळून गेला होता. उरलं होतं एक नाव. लग्न झालं तेव्हा वहिनी घरभर गरगर फिरायच्या, एका जागी ठरायच्या नाहीत, म्हणून ह्यांनी ठेवलेलं. 'भिंगरी.' जिन्यातूनच हाक यायची, "भिंगरे, आलो गं!" ते नाव दुसऱ्या कोणाच्या कानावर कधी पडलं नव्हतं. वहिनींनी ठरवलं, जीव गेला तरी हे नाव द्यायचं नाही.

आणि त्याच वेळी त्यांना ते बटण आठवलं. पाय ओढतात ते बटणामुळे. बटणामुळेच हे साहेब होतात. बटण काढलं तर?

मंडळी गेल्यावर वहिनींनी डाव्या बुटातलं कातडं उचललं, बटण काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. दिवा लावला. वाट बघत बसल्या. डिंकाचा वास आला नाही. खाली दार वाजलं.

पावलं धावत आली. दोन-दोन पायऱ्या एकदम. टकटक नाही, काही नाही. धाडकन दार ढकललं गेलं आणि दिवा फडफडला.

"अहो!" वहिनी उठल्याच.

जिन्यातल्या उजेडाकडे पाठ करून ते दारात उभे होते. धापा टाकत होते. अगदी तस्से.

"ओळखलंस का गं?"

"ओळखलं... ओळखलं हो..."

"मला काहीच आठवत नाहीये," आवाज रडवेला झाला होता. "किती फिरलो. सगळे मला साहेब म्हणतात. मी तुला काय म्हणायचो गं? एकदा सांग. मग मी कुठेही जाणार नाही."

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस दारात उभा राहून विचारत होता. कसला निश्चय आणि काय!

"भिंगरी," त्या म्हणाल्या. "भिंगरी म्हणायचात मला..."

मग, हळूहळू, खोलीत डिंकाचा वास पसरला.

"आभारी आहे, बाई. तपास पूर्ण झाला."

ठक... खर्रर्र. ठक... खर्रर्र. बटण वहिनींच्या मुठीतच होतं, आणि तरीही पावलं फरफटतच जिना उतरत होती.

पुढच्या आठवड्यात वहिनी चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला बूटवाल्याकडे गेल्या. सकाळची वेळ होती. जरा थकल्यासारख्या दिसत होत्या, पण शांत होत्या.

"भिंगरे," बूटवाल्याने मुलीला हाक मारली, "वहिनींना बसायला दे."

वहिनींनी मान वर केली. "काय नाव म्हणालात?"

"भिंगरी! दर वेळी विचारता तुम्ही, वहिनी," बूटवाला हसला. "शेवटच्या भागात साहेब जिन्यातून हाक मारतात ना, 'भिंगरे, आलो गं!' तेव्हा ही पोटात होती. हिची आई म्हणाली, मुलगी झाली तर हेच नाव."

"हो का? छान नाव आहे," वहिनी म्हणाल्या.

मुलीने खुर्ची पुढे सरकवली. वहिनी बसल्या आणि सुटे पैसे काढायला त्यांनी पिशवीत हात घातला, तर हाताला शर्टाचं एक बटण लागलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. घरात पुरुषमाणूस तर कोणी नव्हतं.

"हे तुमचंच असेल," त्या म्हणाल्या आणि बटण त्याच्या डबीत टाकलं.

बूटवाला चपलेला टाका घालत होता. वहिनी रस्त्याकडे बघत होत्या. डोळ्यांना सारखं पाणी का येतंय, तेच त्यांना कळत नव्हतं.