डावा हात

ती पडदे पोचवायला आली होती. वाचनालयामागच्या जुन्या गोदामात काही पोरं बाहुल्यांचं नाटक का काय ते करतात, त्यांना काळं कापड हवंय, असं म्हणून मावशीने दोन गठ्ठे तिच्या हातात कोंबले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सरस, भुसा आणि ओल्या रंगाचा वास. टेबलापाशी एक मुलगा पाठमोरा उभा होता आणि त्याच्या पुढ्यात, तीन वर्षांच्या पोराएवढा, एक लाकडी म्हातारा.

"आलीस? हात धर जरा," तो वळून न बघताच म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कोणाचा?"

"आजोबांचा. डावा. लवकर, कलंडतायत ते!"

तिने गठ्ठे खाली टाकले आणि हात धरला. लाकडी, गार, कोपराला चामड्याचा सांधा. तेव्हा कुठे त्याने ओझरतं पाहिलं आणि ही आपली रोजची जोडीदारीण नव्हे, हे त्याच्या ध्यानात आलं.

"अरे... तू कोण?"

"पडदेवाली."

"मी वायरमन. म्हणजे वायरमनच्या हाताखाली. सोडू नकोस हं, पडदेवाली."

तिने सोडला नाही. रोजची जोडीदारीण त्याच महिन्यात लग्न करून गेली, आणि ती जागा हिच्याकडे आली.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तिने गटांगळी खाल्ली होती. प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं एकच शेरा : लक्ष नसते. मग मावशीच्या दुकानात शिलाई मशीन आणि पडदे, पडदे, पडदे. पण इथे, गोदामात, तिला संध्याकाळ कधी संपली ते कळायचं नाही. गोदाम चालवायच्या ग्रंथपालबाई. हजेरी नाही, गुण नाहीत. बाईंचे नियम दोनच. एक, श्वास आधी, हालचाल मग. आणि दुसरा, नजर आजोबांवर.

"एकमेकांकडे बघायचं नाही," बाई बजावायच्या. "तुम्ही बघाल तिकडे लोक बघतात. तुम्ही एकमेकांकडे बघितलंत की आजोबा मेले."

आजोबांचं डोकं आणि उजवा हात वायरमनकडे, डावा हात तिच्याकडे. पायांना तिसरं माणूस मिळेना, म्हणून तिने त्यांना घोट्यापर्यंत लांब कोट शिवला. बाहीला मागून हात घालायला भोक हवं होतं, ते तिने दोरा ताणून गोल आखलं.

"हे वर्तुळाचं गणित आहे, माहितेय?" वायरमन म्हणाला.

"गप्प बस. गणित म्हणालास तर चुकेल माझं."

खांद्याला खांदा लावून ते दोघं रोज उभे राहायचे, आणि बघायचे मात्र म्हाताऱ्याकडे. त्यामुळे झालं असं की, तिला त्याचा चेहरा धड ठाऊक नव्हता, पण श्वास पाठ होता. तो दमला की श्वास तोकडा व्हायचा. हसू दाबत असला की नाकात अडकायचा. आणि कधीकधी तिच्या मनगटाला त्याचं मनगट लागलं, की तो श्वास... घ्यायचाच राहून जायचा.

"आजोबा आज घुटमळतायत," ती म्हणायची.

"आजोबांचं वय झालंय."

"वय झालंय की लक्ष नाही?"

"लक्ष आहे, पडदेवाली. फक्त आजोबांवर नाही."

नाटक पोरांनीच रचलं. म्हातारा नातीला सोडायला बसथांब्यावर येतो, एवढीच गोष्ट. शेवट कुणाला सुचेना. शाळेत दोन ओळींचा निबंध न लिहिणारी ती, एकदम म्हणाली, "तो हात लगेच हलवणार नाही. आधी कोटाचं बटण धरून बसेल. घट्ट. मग सोडेल... आणि मग हात वर करेल."

बाई म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?"

तिने आजोबांचा कोट झटकला. इतकं बघत बसलं की दिसतंच, असं काहीसं तिला म्हणायचं होतं.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी, पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू असताना, वायरमन आजोबांची मान पुसत होता. बराच वेळ पुसत होता. मानेवर धूळ नव्हती.

"मला बोलावणं आलंय," तो म्हणाला. "त्या फिरत्या बाहुली-मंडळीचं. दोन वर्षं शिकवतात, मग त्यांच्याबरोबर गावोगाव."

"एकट्याला?"

"एकालाच घेतात." तो आजोबांच्याच कानाशी बोलत होता. "मी जायचं का थांबायचं, तू सांग."

"मी कोण सांगणार?"

"तूच. तोंडाने नको... तोंडाने तू काहीतरी विनोद करशील. शेवटी डावा हात वर जातो ना? तो नाही गेला, तर मी थांबेन. बटण सोडूच नकोस. लोकांना काय कळतंय?"

तिने विनोद केला नाही. जमलाच नाही.

रात्रीच्या जेवणाला मावशी आणि काका रोजच्यासारखे भांडत होते. मावशीला तरुणपणी लांबच्या शहरात भरतकाम शिकायला बोलावलं होतं. काका म्हणाले होते, थांब. ती थांबली होती.

"मी थांबले म्हणून हे घर उभं आहे," मावशी म्हणाली.

"मग थांबलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून!"

"एक शब्द बोललो गं मी. एक शब्द! जन्मभर फेडतोय."

एरवी ती या भांडणाला हसायची. वाईट नव्हती दोघं. काका मावशीला सुईत दोरा ओवून द्यायचे, अजूनही. पण त्या दिवशी तिने पाहिलं की, बोलता बोलता मावशीचं बोट टेबलाच्या कापडावर टाके घालत होतं, बिनसुईचे.

प्रयोगाला गोदाम भरलं. काळ्या पडद्यापुढे काळ्या कपड्यांतली ती दोघं, आणि उजेडात फक्त आजोबा. पडद्याआड, नुसत्या आवाजात, नात बसमध्ये चढली. बस सुटली. डाव्या हाताने बटण धरलं.

आता.

शेजारचा श्वास थांबला होता. पूर्ण थांबला होता. तिला वाटलं, नाही सोडलं तर? उद्या हा इथेच असेल. परवाही. खांद्याला खांदा... आणि मग कधीतरी, एका जेवणाला, तो बोटांनी हवेत एखाद्या म्हाताऱ्याची मान वळवत बसेल, आणि आपण ते बघू. आपल्याला दिसेलच ते. बघायला तर इथेच शिकलो.

हात बटणावर होता. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका गिळला.

तिने श्वास घेतला. बटण सोडलं. डावा हात हळूहळू वर गेला.

आजोबांनी बसच्या दिशेने बघायचं होतं. पण त्यांची मान वळली. आधी त्या वर गेलेल्या हाताकडे, मग हाताच्या मागे, अंधारात, तिच्याकडे. ते रंगवलेले दोन डोळे तिच्यावर खिळून राहिले. आणि नियम मोडून तिने वायरमनकडे पाहिलं.

तो मात्र आजोबांकडेच बघत होता. गाल ओले होते, नजर हलली नाही.

टाळ्या ओसरल्यावर बाई आत आल्या. "डोकं चुकलं," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला.

"आणि हात?"

त्याने आजोबांची डावी बाही सारखी केली. "हात बरोबर होता."

तो निघाला त्या दिवशी थांब्यावर ती त्याला सोडायला गेली. बस चालू होती, घरघरत होती.

"आता तरी बघ की माझ्याकडे," तो म्हणाला. "इथे आजोबा नाहीत मरायला."

तिने पाहिलं. पहिल्यांदा, पोटभर. "तुझे डोळे घारे आहेत!"

"आत्ता कळलं? इतके महिने शेजारी उभी होतीस!"

"मला श्वास माहीत होता." तिचा आवाज फाटला. "डोळे राहूनच गेले... आवडतोस तू मला. सांगायचंही राहूनच गेलं."

"आजोबांना केव्हाच माहीत होतं." तो हसला, आणि हसू नाकात अडकलं. "मलाही. आणि पडदेवाली... मीही."

कंडक्टर ओरडला. तो चढला, खिडकीपाशी बसला. काचेमागे त्याचे खांदे किंचित वर झालेले तिला दिसले. श्वास. तिनेही घेतला.

मग त्याने उजवा हात वर केला, आणि तिने डावा.