दिलिनीची काठी

"अक्का, माझे पाय गळून पडले. हुडक जरा, कुठं पडलेत ते!" असं म्हणत मृत्युंजयनं पाण्याचा जार सावलीत टेकवला आणि त्यालाच मिठी मारून बसला.

"बस की मग! कोण उभं राहा म्हणून राहिलंय?" अक्षरा ओरडली खरी, पण तिच्या ओरडण्यातही दम नव्हता.

खरं तर अक्षराला स्वतःचाच राग आला होता. आशिया खंडातल्या अठरा वर्षांखालच्या खेळाडूंची मैदानी स्पर्धा, आणि ती चक्क लातुरात! "सुट्टीत स्वयंसेवक कोण होणार?" असं बाईंनी विचारल्यावर पहिला हात तिनंच वर केला होता. टोपी मिळेल, गळ्यात ओळखपत्र मिळेल, देशोदेशीची मुलं बघायला मिळतील! तिच्यापाठोपाठ पाचवीतला चुलतभाऊ मृत्युंजय आला आणि वर्गातला यज्ञेशही आला. टोपी मिळाली, ओळखपत्र मिळालं. पण त्यांच्यासोबत भाजून काढणारं ऊन, रोजचा थंडगार उपमा आणि "ए पोरी, इकडे ये!" हेही मिळालं. विष्णुपुरीची मावशी सुट्टीला बोलावत होती. गेली असती तर आत्ता पंख्याखाली लोळत पडली असती!

"ती आली बघ," यज्ञेश म्हणाला.

श्रीलंकेची दिलिनी येत होती. लातुरातली लॉजं भरून गेल्यामुळे तिच्या संघाला नांदेडला उतरवलं होतं. पहाटे उठून बसनं यायचं, अंधार पडल्यावर परत जायचं. बिचारीचे डोळे कायम अर्धे मिटलेले. तिचे प्रशिक्षक पोट बिघडून नांदेडलाच पडले होते, त्यामुळे तिची सगळी मदार अक्षराच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर. दिलिनी पोल व्हॉल्टची खेळाडू. लांब लवचीक काठीच्या जोरावर उंच आडवी दांडी ओलांडायची! आणि तिची अंतिम फेरी आजच दुपारी होती.

"माझे पोल आले का?" तिनं विचारलं.

"आलेत! सामानखोलीत आहेत. चल," अक्षरा म्हणाली.

सामानखोलीचे प्रमुख होते शेषेराव सर. खुर्चीत रेलून, एका लांबलचक पांढऱ्या गाठोड्यावर बुटांसकट पाय ठेवून ते मस्त पेंगत होते.

"सर, दिलिनीचे पोल हवेत."

"हे काय, कालच आलंय. घेऊन जा," डोळे न उघडताच त्यांनी पाय तेवढे बाजूला घेतले.

दिलिनीनं एका टोकाची गाठ सैल केली, आत हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. गुळगुळीत फायबरचे पोल कुठं होते तिथं! तेल पाजलेला पिवळाधमक बांबू होता.

"माझे नाहीत हे!" ती कशीबशी म्हणाली.

शेषेराव सरांनी एक डोळा उघडला. "आपल्याकडे या खेळाला म्हणतातच मुळी बांबूउडी! मग बांबू आला तर बिघडलं काय? मार म्हणावं उडी!"

"सर, तो वाकत नाही! मोडेल, नाहीतर तीच मोडेल!" यज्ञेश कळवळून म्हणाला.

"सामान पूर्ण आलंय असं मी वर कळवून बसलोय. आता मला कामं आहेत," असं म्हणून सरांनी तो डोळाही मिटून घेतला.

दुसऱ्या कुणाचा पोल मागून घ्यावा, तर तेही शक्य नव्हतं. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे पोल असतो. दणकट मुलीचा पोल सडपातळ दिलिनीच्या हातात वाकलाच नसता. पुढच्या वर्षी ती अठराची होणार, म्हणजे या स्पर्धेत तिची ही शेवटचीच वेळ. ती मटकन खाली बसली. ती रडलीसुद्धा नाही. एवढी थकली होती की रडायलाही त्राण उरलं नव्हतं. 

"तू थांब. मी आणते तुझे पोल," अक्षराच्या तोंडून निघून गेलं.

"नक्की?"

"नक्की!"

बाहेर आल्यावर यज्ञेशनं कपाळाला हात लावला. "आणते म्हणे! कुठून आणणार? किराणा दुकानातून?"

"गप रे! त्या बांबूच्या टोकाला काय होतं, बघितलंस का? भस्माचे तीन पट्टे आणि लाल दोऱ्यात रुद्राक्ष! आमच्याकडे मठाच्या जत्रेला मानाची काठी निघते, तिलाच असं बांधतात. ती कुणाची तरी नवी काठी आहे."

"मग ती इथं कशी आली?"

"ते टेम्पोवाल्यालाच माहीत!"

टेम्पोवाला नरसिंग मैदानामागच्या कडुनिंबाखाली, टेम्पोच्या केबिनमध्ये पाय बाहेर काढून घोरत होता. या स्पर्धेत जागं असं कुणी दिसतच नव्हतं! मृत्युंजयनं त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, तेव्हा कुठं तो उठला.

"काका, काल काय काय आणलंत?"

"दोन गाठोडी. एक हैदराबादेहून उचललं, एक उदगीरच्या सुताराकडून. दोन आणली, दोन पोचवली. आपलं काम चोख हाय!"

"पण कुठलं कुठं पोचवलं?"

"एक मैदानात, एक रेणापूर रोडच्या मठात."

"गाठोडी दिसायला कशी होती?"

"दोन्ही पांढरी. हैदराबादेहून आणलं त्याची पिशवी विमानात फाटली म्हणं, म्हणून चादरीत गुंडाळलेलं. दुसरी तर काठीच. ती पांढऱ्यातच..." नरसिंगचा आवाज बारीक होत गेला. त्यानं पाय आत घेतले. "आयला! झाला की घोटाळा! आन् आज तर मठाची मिरवणूक हाय!"

"म्हणजे मानाची काठी म्हणून दिलिनीचे पोल मिरवणार?" मृत्युंजयला हसू फुटलं. अक्षरानं डोळे वटारले.

आता खरी पंचाईत होती. मठातून पोल आणायचे, तर त्यांची काठी परत द्यायला हवी, आणि काठी तर शेषेराव सरांच्या ताब्यात! पोरांनी परत जाऊन पाहिलं, तर सरांचे पाय पुन्हा गाठोड्यावर आणि बाजूला चहाचा कप.

"नाही म्हणजे नाही! माझ्या खोलीतली वस्तू अशी कुणालाही देता येत नाही," सर म्हणाले.

यज्ञेश नियम-बियम बोलायला लागला, पण अक्षरानं त्याला मागे ओढलं. तिनं चपला काढल्या, पुढे झाली आणि गाठोड्याला वाकून नमस्कार केला.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"सर, ही मठाची मानाची काठी आहे. कालपासून तुम्ही हिच्यावर बूट ठेवून बसलाय. टोकाचं भस्म बघा ना."

सरांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही उतरला की अक्षराला त्यांची दया आली. ताडकन उठायला गेले ते नेमके काठी ओलांडून पलीकडे! "अरे देवा! ओलांडली की रे!" म्हणत ते परत अलीकडे आले आणि दुसऱ्यांदा ओलांडली!

"सर, आता हलूच नका!" मृत्युंजय ओरडला.

"उचला! आधी पोचवा तिला! आणि तिथं माझं नाव घेऊ नका बरं!" बूट काढून कोपऱ्यात फेकत सर गयावया करू लागले.

अक्षरानं टोकाची गाठ पुन्हा घट्ट बांधली. काठी न्यायची तर अनवाणी न्यायची, आणि जमिनीला टेकवायची नाही. ते तिघं आणि नरसिंग निघाले. फरशी तापलेली, पुढचं डांबर तर विचारूच नका! दर पावलाला मृत्युंजय "हा... हू... हा..." करत होता. यज्ञेशच्या घरी काठीची रीत नव्हती, पण त्यानंही मुकाट्यानं बूट गळ्यात अडकवले होते. टेम्पोत काठी मांडीवर आडवी घेऊन तिघं बसले, तेव्हा अक्षराला वाटलं, आता डोळे मिटावेत आणि दिवाळीला उघडावेत. पण कानात ते "नक्की?" वाजत होतं.

मठात सनईवाले आले होते, फुलांच्या टोपल्या भरल्या होत्या. मधोमध दोन तिवयांवर पांढरं गाठोडं, त्यावर हारांचा ढीग! काठीचे मानकरी गुरुपादप्पा, पांढऱ्या मिशांचे ताठ म्हातारे, शेजारीच बसले होते.

अक्षरानं एका दमात सगळं सांगितलं. गुरुपादप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खरं असंल तुझं, पोरी. पण ही काठी न्हाई, हे उघडून बघितल्याबिगर कसं कळावं? आन् मिरवणुकीच्या वक्ताआधी कापड सोडायची रीत न्हाई. दिवस कलल्यावर बघू."

"तोवर तिची फेरी संपून जाईल, आज्जा!"

"यंदा काठी लई हलकी झाली बगा," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. "देवानंच भार कमी केला!"

अक्षराचं डोकं खरं तर बंद पडत आलं होतं. ती मटकन बसली आणि मांडीवरची काठी बोटांनी चाचपत राहिली. कापडाखाली बोटाला गाठ लागली, हातभर पुढे दुसरी, मग तिसरी. ती एकदम ताठ झाली.

"आज्जा, कापड सोडू नका! वरूनच चाचपा! बांबूला पेरं असतात. तुमच्या काठीला आहेत का बघा!"

 गुरुपादप्पांनी हार बाजूला केले, डोळे मिटले आणि गाठोड्यावरून हात फिरवत नेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत! मग उलटा आणला. एक पेर लागेल तर शपथ! आतल्या तीन नळ्या मात्र एकमेकींवर सरकल्या.

डोळे उघडून ते अक्षराकडे बघत राहिले आणि मग मिशांतून हसू फुटलं. "आरं, सकाळपासून आपण कुणाला हार घालून राहिलो? उचला! पोरीची वस्तू पोरीला द्या. आमच्या म्हादेवाला उडी मारायची न्हाई!"

परतीच्या वाटेवर गर्दी होती. कुठं सरबताचे गाडे, कुठं पाहुण्यांच्या गाड्या, कुठं नुसतेच बघे. मैदानाच्या फाटकाशी टेम्पो अडकला, तेव्हा तिघांनी पोल खांद्यावर घेतले आणि "बाजू! बाजू!" करत धावत सुटले.

पोल व्हॉल्टची फेरी केव्हाच सुरू झाली होती. दांडी वर वर जात होती. दिलिनी एका कडेला रिकाम्या हातांनी बसली होती. तिचं नाव पुकारलं की ती हात हलवून "पास" म्हणायची. म्हणजे ही उंची सोडली, पुढच्या उंचीला बघू. असं करत करत तिनं एकही उडी न मारता दांडी थेट तिच्या आजवरच्या सर्वोत्तम उंचीला जाऊन पोचली होती! यापुढे पास म्हणण्यात अर्थच नव्हता.

"दिलिनी!" अक्षराचा आवाज फाटला.

पंचांनी पोल तपासले. एकावर झेंडूची पाकळी चिकटली होती. ती त्यांनी उचलून नवलानं पाहिली आणि मान डोलावली.

पहिली उडी. दांडी पडली! दुसरी उडी. पुन्हा पडली! सराव नाही, अंग आखडलेलं, सकाळपासून धड खाणं नाही. काय होणार!

"अक्का, मला बघवत न्हाई," मृत्युंजयनं टोपी डोळ्यांवर ओढली.

तिसऱ्या वेळी दिलिनी धावली. पोल वाकला, असा वाकला की आता मोडतो की काय! दिलिनी वर गेली, उलटी झाली, पलीकडे पडली. दांडी थरथरली. थरथरत राहिली. आणि तिथंच थांबली!

लोकांचा तो आरडाओरडा काय सांगावा! पुढच्या उंचीला मात्र ती तीनदा चुकली. चौथी आली. पदक हुकलं. तरी ती धावत आली आणि अक्षराच्या गळ्यात पडली.

"तू पास का म्हणत बसलीस? आम्ही आलोच नसतो तर?" अक्षरानं विचारलं.

"तू 'नक्की' म्हणाली होतीस ना," दिलिनी म्हणाली.

 दिवसभर कोंडलेलं रडू अक्षराला तिथंच फुटलं.

शेषेराव सरांनी ध्वनिक्षेपकावरून मुलांचं तोंड भरून कौतुक केलं. "आमच्या सामानखोलीच्या तत्पर मार्गदर्शनाखाली" असंही मध्ये घुसडलं. यज्ञेश जागच्या जागी उसळला, पण भांडायची ताकद कुणात होती?

दिवस कलला. तिघं दिलिनीला बसपर्यंत सोडायला निघाले, तोच फाटकाबाहेर सनई ऐकू आली. मिरवणूक होती! पुढे मानाची काठी, आणि काठीखाली गुरुपादप्पा. अक्षराला बघून त्यांनी हात वर केला. सनई थांबली.

"हीच ती पोरगी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिनं कापड सोडायला न लावता आपली काठी आपल्याला आणून दिली. ये पोरी, खांदा दे."

लोकांत कुजबुज झाली. काठीला आजवर कुठल्या मुलीनं खांदा दिला नव्हता. गुरुपादप्पांनी नुसती मान वळवून बघितलं आणि कुजबुज थांबली.

"हे दोघं पण होते, आज्जा," अक्षरा म्हणाली.

"येऊ दे की! आन् ती लांबच्या गावची पोरगी? तिला बी बोलव. सगळ्यांत जास्त सवय तर तिलाच हाय!"

दिलिनीला शब्द कळले नाहीत, पण काठी कळली. तिनं बसकडे एकदा पाहिलं आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. अक्षराचे तळपाय अजून चुरचुरत होते, खांदा ठणकत होता. त्याच खांद्यावर तिनं काठी घेतली.