पिशवीतले मासे

दार उघडलं तर बाहेर बादली घेऊन एक उंच, भिजलेला माणूस उभा. "मी गोगलगाय," तो म्हणाला.

मला हसू आलं, पण त्या दिवसांत माझं हसू ओठांपर्यंत येऊनच विरायचं. "मी शेवाळ. या आत."

मासे पाळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवरची ही टोपणनावं. तिथे 'इकडचं तिकडचं' असा एक कोपरा होता. माशांखेरीज काहीही विचारा, पण 'का विचारताय' असं कुणी कुणाला विचारायचं नाही, हा नियम. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी तिथेच पडीक. उशीचा औषधी वास कसा घालवायचा? गोळी थुंकणाऱ्या माणसाला ती कशी द्यायची? आणि शेवटी... गेलेल्या माणसाचे कपडे कधी काढायचे? सगळ्यांत आधी उत्तर यायचं ते या गोगलगायचं. "राहू देत. कपाटाला कुठे घाई आहे?" ते वाचून मी ढसाढसा रडले होते.

आता घराला कुलूप लावून परवा दादाकडे, परक्या शहरात जायचं होतं. आईचे कपडेसुद्धा खोक्यात भरून झाले होते. मला जायचं नव्हतं. पण राहा म्हणणारं होतं कोण? हा तर मासे न्यायला आलेला.

"नाव शोभत नाही तुम्हाला," जाळी देत मी म्हणाले. "उत्तरं किती झटपट देता."

"तुमच्याच प्रश्नांना," तो टाकीत बघत म्हणाला.

पाण्यात आमचे हात एकमेकांना लागले. कुणीच काढला नाही — निदान लगेच तरी. मासे पाण्याच्या पिशवीत भरून मी ती त्याच्या बादलीत ठेवली.

"घरी गेल्यावर पिशवी..."

"तरंगत ठेवतो. नव्या पाण्याची सवय झाल्याशिवाय सोडत नाही."

"बरंय माशांचं. दादा म्हणतो, आलीस की रुळशील."

तो दारात रेंगाळला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि नुसतं "येतो" म्हणून गेला. मेल्या, बोल की... रिकाम्या टाकीसमोर बसून मी त्याच्यावर मनातल्या मनात खूप चिडले.

संध्याकाळी त्या कोपऱ्यात त्याचा पहिलावहिला प्रश्न दिसला. "निघालेल्या माणसाला 'थांबा' म्हणायचा आपल्याला काही हक्क असतो का?"

"विचारून बघ, फार तर नाही म्हणेल," कुणीतरी लिहिलं. मी नियम मोडला. "का विचारताय?"

त्याचं उत्तर आलं — "मासे अजून पिशवीतच आहेत. सोडवत नाहीत. ते सोडले की तुम्ही गेलातच, असं वाटतंय. जाऊ नका ना. तुम्ही मला फार आवडता."

मी लिहिलं, "आधी मासे सोडा, गुदमरतील. मी कुठे जात नाही."

दादाला फोन केला. तो चिडला, आणि शेवटी म्हणाला, "जेवलीस का?"

फोन ठेवून मी ते खोकं उघडलं आणि आईचे कपडे एकेक करून परत कपाटात लावले.