दोन पिवळी विमानं

"ताई, या विमानाचं इंजिन लाकडाचं आहे!" प्रश्नोबा ओरडला.

"काहीतरीच काय! पाटी वाच की!"

पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'आपले पहिले विमान'. ताईने इंजिनवर हात मारला. टक् टक्! दाराच्या फळीसारखा आवाज!

सुट्टीत ही तीन भावंडं मावशीच्या विमान संग्रहालयात तळ ठोकून होती. संग्रहालय कसलं, धावपट्टीच्या कडेची जुनी शेड! आत सात विमानं, त्यांतली दोन नुकतीच रंगवलेली पिवळी, अगदी जुळी. संग्रहालयाचा इतिहास लिहायचं काम मावशीने तिघांवर सोपवलं होतं आणि त्यासाठी स्थापनेच्या वेळची जुनी वही दिली होती.

मधली चष्मिस दुसऱ्या पिवळ्या विमानाकडे धावली. तिथली पाटी म्हणत होती, 'प्रदर्शनासाठी केलेली नक्कल'. तिने इंजिनवर नाणं आपटलं. ठण्ण!

"अगं, हे तर धातूचं!"

"म्हणजे खरं ते खोटं आणि खोटं ते खरं?" प्रश्नोबाने डोकं खाजवलं. "की दोन्ही खोटी?"

"माझं तर डोकंच चालेनासं झालंय," ताई म्हणाली.

तेवढ्यात शेडचं दार करकरत सरकलं. भंगारवाला ट्रक घेऊन आला होता!

"ती नक्कल घेऊन जा," व्यवस्थापक काका त्याला म्हणाले. "उगाच जागा अडवून बसलीय."

"काका, थांबा! ती नक्कल नाहीये!" ताई ओरडली.

"पाटी दिसत नाही का? व्हा बाजूला!"

प्रश्नोबाने विमानाच्या चाकाला मिठीच मारली. "आधी मला न्या!"

"वही! स्थापनेची वही!" चष्मिसने भराभर पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "चार मेकॅनिकांनी वादळात कोसळलेलं पहिलं विमान दूधगाडीवरून तुकड्यातुकड्यांनी आणलं. उजव्या पंखाचं फाटलेलं कापड शिंपीणबाईंनी निळ्या दोऱ्याने शिवलं."

ताई वाकून त्याच विमानाच्या उजव्या पंखाखाली शिरली. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचलाच नव्हता. "काका, बघा! निळे टाके!"

गलका ऐकून मावशी आली, मागोमाग रंगारीही. विमानांकडे बघून त्याने जीभ चावली. "रंगवताना पाट्या काढल्या होत्या... परत लावताना गोंधळ झाला वाटतं."

"आणि मी बघितलंसुद्धा नाही!" काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ट्रक रिकामाच परत गेला. मावशीने तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे माझ्या वाघांनो! आज तुम्ही नसता, तर सगळ्यांची मेहनत मातीत गेली असती."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर ताईच्या हातात दिला. "पाट्या आता तुम्हीच लावा, पोरांनो. आम्हा मोठ्यांचा काही भरवसा नाही!"