तेजश्रीच्या घरी जेवण

"भैया, आज पानी में दम नहीं है… कल का बचा हुआ है क्या?"

भाईंदर पश्चिमेला पाणीपुरीच्या गाडीवर तेजश्रीने हे विचारलं आणि तिच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिने वळून पाहिलं. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक सावळा, उंच मुलगा… आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला, थेट तिच्या तोंडावर रोखलेला!

"ए हॅलो! न विचारता काय शूटिंग करतोयस?"

"तुझं नाही, पाणीपुरीचं करतोय," तो म्हणाला. "तू मध्ये आलीस."

"मी मध्ये आले? मी मघापासून इथेच उभी आहे! आणि माझा गाल असा फुगलेला असताना—"

"छान दिसतो फुगलेला…"

तो बोलून गेला आणि स्वतःच लाजला. लाजणारा मुलगा तेजश्रीने भाईंदरमध्ये त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिथेच सगळा घोळ झाला. दोन पुऱ्या कमी खाऊन ती वेळेत घरी गेली असती तर पुढचं रडगाणं टळलं असतं. पण खाण्याच्या बाबतीत घाई करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मुलाचं नाव दिपेश. तो भागातल्या एका केबल चॅनेलचा कॅमेरामन होता. दोन हजार सहा साल होतं ते. तेव्हा केबलवाल्यांचं स्वतःचं एक चॅनेल असायचं आणि त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, भजनं आणि फर्निचरच्या सेलच्या जाहिराती चालायच्या. चॅनेलच्या मालकांना, उत्तमशेठना, मीरा-भाईंदरच्या खाण्यापिण्यावर एक कार्यक्रम काढायचा होता. पण त्यासाठी आणलेली मुलगी गाडीवरचं काही तोंडात घालायला तयार नव्हती. शेठनी दिपेशच्या टेपमध्ये तो फुगलेला गाल पाहिला आणि म्हणाले, "हिला बोलाव. ही खाते."

तेजश्री नवघरला राहायची आणि एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. दवाखाना रविवारी बंद, म्हणून शूटिंग रविवारी. गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम लागायचा. स्क्रीनवर खाली फक्त 'तेजश्री' एवढंच नाव यायचं.

मग सुरू झाली ती भटकंती! हाटकेशच्या कारखान्यांच्या गल्लीत कामगारांच्या बाकावर बसून उसळपाव. भाईंदर पश्चिमेला कांदा-बटाट्याशिवायची जैन पावभाजी, जी खाऊन तेजश्री कॅमेऱ्यासमोर प्रामाणिकपणे म्हणाली, "मला वाटलं होतं फसवणूक असेल, पण नाही हो, मजा आहे!" नयानगरच्या कोळशाच्या धुरात सीख कबाब, आणि कबाबवाल्या चाचांनी "बेटी, एक और" म्हणत वाढलेला प्रत्येक तुकडा. दिपेश कॅमेऱ्याच्या आडून तिच्याकडे बघायचा आणि ती कबाबाकडे बघतेय असं दाखवत त्याच्याकडे बघायची. शूटिंग संपलं की तो कॅमेरा बॅगेत ठेवायचा आणि सरळ तिच्या ताटात हात घालायचा.

"तुझं वेगळं मागव ना रे!"

"तुझ्या ताटातलं जास्त चांगलं लागतं."

"एकाच कढईतलं आहे…"

"मग माझी जीभ बिघडली असेल. तुझ्या दवाखान्यात दाखवतो."

उत्तनला तर कमालच झाली. बोंबील तळणाऱ्या कोळीणबाईने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घरवाला हाय का गो तुजा?"

"न्हाय ओ मावशी," तेजश्री तिच्याच सुरात म्हणाली.

"आज न्हाय ना? मंग जेवा दोगं एका ताटान." आणि तिने खरोखर दोघांना मिळून एकच ताट दिलं. समुद्रावरून खारा वारा येत होता, तेजश्रीचे केस तोंडावर येत होते आणि दिपेशने ते हळूच… तेलकट बोटांनीच… कानामागे सारले. त्या रात्री तिने केस धुतले नाहीत. आता हसू येतं, पण नाही धुतले.

त्याला तिने अंधारात ठेवलं नव्हतं. घोडबंदरच्या एका ढाब्यावर, आजूबाजूला ट्रकवाले जेवत असताना, तिने स्पष्ट सांगून टाकलं होतं. "दिपेश, आम्ही बौद्ध आहोत. तुला माहितीये ना?"

"मग काय झालं? मी नाही असलं काही मानत." आणि त्याने तिच्याच रोटीचा तुकडा तोडला.

"तुझ्या घरी?"

"आईला सांगतो गं… वेळ बघून."

ही वेळ काही येईना. गंमत अशी की दिपेशची आई, सुगंधाकाकू, तेजश्रीवर जीव टाकत होत्या. रत्नागिरीकडच्या ह्या बाईंनी दर गुरुवारी आवडती मालिका बाजूला ठेवून तिचा कार्यक्रम लावायचा, हे ठरूनच गेलं होतं. "काय चवीने खाते पोर! अन्नाला नावं ठेवत नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या. दिपेशच्या हातून तिच्यासाठी डबा पाठवायच्या. कधी कुळथाचं पिठलं, कधी फणसाची भाजी. आता कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत तर सगळ्यांच्याच घरी. तेजश्रीची आई केसरबाई, नांदेडकडची, त्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची. सुगंधाकाकूंना ती चटणी इतकी आवडली की डबे जास्तच यायला लागले. महिनोन्महिने दोन आया एकमेकींचं जेवत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

संध्याकाळी तिला सोडायला दिपेश नवघरला तिच्या बिल्डिंगपर्यंत यायचा. "वर ये ना, आई चहा करेल," ती म्हणायची. "नको गं, उशीर झालाय," तो म्हणायचा. उशीर झालेला नसायचा. ती समजायची, लाजतोय.

गौरी-गणपती आले आणि उत्तमशेठनी फर्मान काढलं. ह्या वेळी हॉटेल नाही, घरचा नैवेद्य दाखवा. सुगंधाकाकूंनी लगेच आपलं घर देऊ केलं. दिपेश खूश. "बघ, तुला समोर बघितल्यावर काय बिशाद आहे आईची नाही म्हणायची! आधी भेटू दे, मग सांगू." त्याला वाटलं, आवडलेलं माणूस एकदा घरात येऊन बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. तेजश्रीला नाही वाटलं. पण तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण प्रेमात माणूस दुसरं काय करतं?

सुगंधाकाकूंनी तिला दारातच कवेत घेतलं. "टीव्हीपेक्षा गोड दिसतेस गं!" घरात उकडीच्या मोदकांचा वास, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे… आरती सुरू झाली. दिपेशच्या खांद्यावर कॅमेरा. काकूंनी तेजश्रीला पुढे ओढलं. "ये, उभी राहा अशी. जोड हात."

तेजश्रीचे हात खालीच राहिले. कॅमेऱ्याच्या आडून दिपेशने डोळ्यांनी विनवलं — एकदाच… शॉटपुरते… जोड ना!

"काकू, मी हात जोडत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या घरी नाही करत. राग मानू नका. आम्ही बौद्ध आहोत."

आरती थांबली नाही, टाळ्या चालू राहिल्या. सुगंधाकाकूंचे हात मात्र मध्येच थांबले. आरती संपल्यावर त्या जवळ आल्या. आवाज अजून गोडच होता. "ती शेंगदाण्याची चटणी… तुझ्या आईने केलेली का गं?"

"हो काकू."

काकूंनी पदराने ओठ पुसले. इतक्या दिवसांनी.

पंगत बसली. सगळ्यांना स्टीलची ताटं आणि तेजश्रीला थर्माकोलची प्लेट. "ताटं कमी पडली गं बाई," काकू म्हणाल्या. भिंतीवरच्या मांडणीत ताटं लखलखत होती. सगळ्यांना दिसत होती, दिपेशलाही दिसत होती. उठून त्यातलं एक काढायला किती वेळ लागला असता? तो कॅमेरा धरून उभा राहिला.

तेजश्री जेवली. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "खूप छान झालंय सगळं." आणि छळ हा, की ते खरं होतं. अशी आमटी तिने अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये कुठे खाल्ली नव्हती.

त्यानंतर डबा आला नाही. गणपती गेले आणि दिपेशने तिला खाडीच्या काठावर बोलावलं. बराच वेळ तो नुसता चपलेने माती उकरत राहिला.

"आईला सांगितलं मी आपलं. तिने जेवण सोडलं होतं दोन दिवस… आता जरा शांत आहे. मी एक विचार केलाय, तेजू. लग्नात मुलीचं नाव तर बदलतातच ना? आडनावही बदलतं. गावाला सांगू, तू आमच्यातलीच. कोण बघायला येतंय? आई म्हणते, तसं असेल तर ती मन घट्ट करेल…"

"आणि माझे आईवडील? ते कोण?"

तो पुन्हा माती उकरू लागला.

"लग्नाला त्यांनी यायचं की नाही?"

"तेजू, थोडं तू समजून घे ना…"

किती समजून घ्यायचं, ह्याला काही हद्द असते. पण ती भांडली नाही. तिच्यात अजून आशा शिल्लक होती, आणि आशेसारखी छळवादी गोष्ट दुसरी नाही. ती म्हणाली, "रविवारी आमच्या घरी जेवायला ये. नुसता ये, जेव. मग बोलू."

तो आला! पहिल्यांदा जिना चढून वर आला. बाबा ड्युटीवर होते. केसरबाई सकाळपासून ओट्याशी होती. भरलेली वांगी, ज्वारीची भाकरी, ठेचा. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली दिपेश मांडी घालून बसला. तेजश्री त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याने भाकरी मोडली. घास घेतला. दुसरा घेतला. मग सुटलाच तो! "काकू, घोडबंदरपासून उत्तनपर्यंत सगळं खाल्लं आम्ही… अशी वांगी कुठे नाही मिळाली."

"खा लेकरा, लाजू नको," केसरबाई हरखून म्हणाली आणि आत भाकरी थापायला गेली. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. होईल… सगळं नीट होईल, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

आणि त्याचा मोबाइल वाजला.

"हां आई… जेवतोय… नाही, घरी नाही कुणाच्या." त्याने आवाज बारीक केला, पण खोली ती केवढीशी! "बाहेर आहे गं. हॉटेलात. हो, हॉटेलातच जेवतोय."

केसरबाई गरम भाकरी हातात घेऊन दारात उभी होती. मग ती पुढे आली, भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "गरम हाय. खा." दिपेशने मान खाली घालून ती सगळी भाकरी खाल्ली.

जिन्यात त्याने तिचा हात धरला. "तेजू, फोनवर काय सांगणार होतो मी तिला? हळूहळू सांगेन… प्रेम आहे गं माझं तुझ्यावर. खरंच आहे."

हे वाक्य ऐकायला ती किती दिवस झुरली होती! उत्तनच्या वाऱ्यात, नयानगरच्या धुरात, प्रत्येक रविवारी वाटायचं, आज म्हणेल. आज म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "प्रेम नसतं तर तू वर आलाच नसतास. माझंही आहे, दिपेश. खूप आहे. पण मी म्हातारी होईन, आणि तू तेव्हाही फोनवर हॉटेलातच असशील. माझ्या आईच्या कानावर हे पुन्हा पडायला नको."

मोबाइल अजून त्याच्या हातात होता. एक फोन! त्याने तिथल्या तिथे एक फोन लावला असता, खरं ते सांगितलं असतं, तर तिने थर्माकोलची प्लेटसुद्धा माफ केली असती. ती वाट बघत उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणाच्यातरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. दिपेशने मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं… आणि मोबाइल खिशात टाकला.

"येऊ नकोस आता," ती म्हणाली.

तो एकेक पायरी उतरत गेला. ती कठड्यावरून बघत राहिली. त्याने वर पाहिलं नाही.

घरात केसरबाई ओटा पुसत होती. पाठमोरीच होती.

"गेला?"

"गेला."

आईने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं. मग तिने तसंच, न वळता विचारलं, "पोटभर जेवला का गं तो?"

आणि जिन्यात इतका वेळ आवरून धरलेलं तेजश्रीचं रडू तिथे फुटलं.